एस्टिवेशन : एका संज्ञेचे दोन अर्थ

शास्त्रीय परिभाषेचा विचार करताना ‘एस्टिवेशन’ हा फारसा प्रचारात नसलेला शब्द येथे मुद्दाम घेतला आहे. प्राणिशास्त्रात त्याचा अर्थ एक, वनस्पतिशास्त्रात दुसराच.

लॅटिनमध्ये ‘एस्तास’ म्हणजे उन्हाळा आणि ‘एस्तिवारे’ म्हणजे उन्हाळा घालवणे. वॅरो या रोमन लेखकाने इ. स. पू. ३७ च्या सुमारास शेतीविषयक ग्रंथ लिहिला. अपुलियातील मेंढ्यांचे कळप उन्हाळ्यासाठी दूर सॅम्नियमच्या डोंगराळ प्रदेशात नेले जात, हे सांगताना त्याने याच क्रियापदाचे रूप योजले आहे. म्हणजे तेथे निद्रा नाही, उलट स्थलांतर आहे. प्राणिशास्त्राने हा शब्द निश्चल केला. कोरड्या दिवसांत शंखाचे तोंड बंद करून निपचित राहणारी गोगलगाय किंवा आटलेल्या पाणथळीच्या चिखलात स्वतःभोवती कोश करून राहणारा आफ्रिकेतील फुप्फुसमासा यांची अवस्था म्हणजे एस्टिवेशन. मराठीतील ‘ग्रीष्मनिद्रा’ ही संज्ञा सुबोध आहे. मात्र ही नेहमीची झोप नव्हे, शरीरव्यापार मंदावण्याची अवस्था होय.

वनस्पतिशास्त्रात हाच शब्द कळीतील पाकळ्यांच्या परस्पर मांडणीसाठी येतो. कोंबातील कोवळ्या पानांच्या मांडणीला वसंतवाचक लॅटिन शब्दावरून ‘व्हर्नेशन’ हे नाव आहे. फुलाच्या वाट्याला उन्हाळा आला. जास्वंदीची कळी हलकेच उलगडून पाहा. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर, तर दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली असते. यात ‘ग्रीष्म’ शोधून काय हाती लागणार? म्हणून मराठीने येथे व्युत्पत्ती सोडून संकल्पना धरली आणि ‘पुष्पदलसंबंध’ ही वेगळी संज्ञा स्वीकारली. शब्द जड आहे खरा, तरी माझ्या मते निवड योग्यच.

‘एस्तास’च्या मुळाशी जळणे, पेटणे या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू आहे. संस्कृत ‘इन्ध्’ त्याचाच सगोत्र. त्यातून ‘इंधन’ आणि ‘समिधा’ आले. ‘हायबरनेशन’मधील हिवाळावाचक लॅटिन मूळ आणि ‘हिम’, ‘हेमंत’, आपला ‘हिवाळा’ हेही असेच एका कुळातले. परंतु यावरून लॅटिन शब्द संस्कृतातून निघाला असे उत्तरपत्रिकेत लिहू नका. ही दोन भावंडे आहेत, मायलेकी नव्हेत.

स्वाध्याय : ‘ग्रीष्मनिद्रा’ आणि ‘पुष्पदलसंबंध’ या संज्ञांच्या घडणीतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.