नंदू भेंडे : रॉक गाणारा मराठी कलावंत

आपल्या चिक्कडपल्लीच्या त्यागराय गानसभेत कर्नाटक संगीताच्या मैफली होतात. घरी आजी अभंग म्हणते आणि दादाच्या खोलीतून गिटारचा आवाज येतो. ‘यातले आपले संगीत कोणते?’ यावरून पुष्कळ घरांत वाद होतात. या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका मराठी गायकाची ओळख उपयोगी पडेल.

नंदू भेंडे हे अभिनेते-दिग्दर्शक आत्माराम भेंडे आणि अभिनेत्री आशा भेंडे यांचे चिरंजीव. घरात मराठी रंगभूमी, पण मुलाला ओढ रॉक संगीताची! १९७०च्या दशकात मुंबईत ‘सॅव्हेज एन्काउंटर’, ‘व्हेल्वेट फॉग’ अशा बँडमधून ते गायले.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये अँड्र्यू लॉइड वेबर व टिम राइस यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतक रचले होते. त्याच्या १९७०च्या ध्वनिमुद्रिकेत ज्यूडासची गाणी मरे हेड या ब्रिटिश गायकाने म्हटली. पुढे १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी हे संगीतक मुंबईत रंगमंचावर आणले, तेव्हा ज्यूडास झाले नंदू भेंडे.

मग त्यांनी मराठी सोडली का? मुळीच नाही. लंडनच्या जॉन गे यांच्या १७२८च्या ‘बेगर्स ऑपेरा’वरून जर्मन नाटककार ब्रेख्त यांनी १९२८ मध्ये नवे संगीतनाटक केले. त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले. जब्बार पटेल यांनी ते १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीतर्फे बसवले. त्यात नंदू भेंडे यांनी अंकुशची भूमिका केली. त्या नाटकात तमाशाची ढोलकी आणि पाश्चात्त्य चाली शेजारी शेजारी नांदल्या. पुढे १९८२च्या ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटातही, बप्पी लाहिरी यांच्या संगीतात, ते गायले. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले.

चित्रपटाच्या पार्श्वगायकांइतके त्यांचे नाव घरोघर पोहोचले नाही. रंगमंचावरचे गाणे पडदा पडला की संपते. ते फक्त ऐकणाऱ्यांच्या आठवणीत उरते. तरीही इंग्रजी, मराठी, हिंदी या तिन्ही भाषांत त्यांनी तेवढ्याच मनापासून गायले. पालकांनीही हे लक्षात घ्यावे. मुलाने गिटार हाती घेतली म्हणून मराठी सुटत नाही. घरात मराठी बोलणे, वाचणे आणि नाटक पाहणे थांबले, तर मात्र ती सुटते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

करून पाहा : एक-दोन-तीन-चार असे सारख्या लयीत मोजा. आधी ‘एक’वर टाळी द्या, भजनात आपण समेवर देतो तशी. आता फक्त ‘दोन’ आणि ‘चार’वर द्या. हा झाला रॉकचा ठेका! मोजणी तीच, फक्त जोर देण्याची जागा बदलली.

विचार करा :
१. ‘तीन पैशाचा तमाशा’ची कथा कोणकोणत्या देशांतून आपल्याकडे आली?
२. रंगमंचावरील गायकाचे काम टिकवण्यासाठी काय करता येईल?
३. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणचे एक गाणे विचारा व वहीत लिहून ठेवा.