लांब नाकाचा देव

नगर,
रविवार, उपासनेनंतर

प्रिय बाळू,



तुझं पाकीट बुधवारी आलं. हल्ली पाकीट आलं की ते बँकेचं नाहीतर लग्नाचं, त्यामुळे तुझं अक्षर बघून आधी धस्सच झालं. फोनवर बोलायला जमणार नाही म्हणून लिहितो, असं म्हणालास, म्हणून मीही फोन उचलला नाही. पत्र दोनदा वाचलं आणि तीन दिवस तसंच ठेवून दिलं. पहिल्या वाचनाला जे उत्तर सुचलं ते शाळेतल्या बाईंचं होतं, आत्याचं नव्हतं.

मला कळलं ते असं. चलनावर २०० नग, पेट्या उघडल्या तर आत १६०. साहेब म्हणाले, सही कर, उरलेले ४० उद्या येतील. तू सही केलीस. उद्या उजाडला, नग काही आले नाहीत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, आणि मग तिसऱ्यांदा. आता फाइलीत तुझ्या सहीचे तीन कागद आहेत. दोन महिने तू प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसतोस आणि ताट आलं की शेजाऱ्याकडे सरकवतोस. आणि पत्राच्या शेवटी एकच ओळ: आत्या, देव माझ्यावर रागावलाय का?

त्या ओळीपासूनच सुरू करते. सहीचं नंतर. ते करायला अवघड आहे, पण समजायला सोपं आहे.

आपण म्हणतो ना, अमक्याचा राग अगदी नाकाच्या शेंड्यावर असतो? आमच्या जुन्या पाळकसाहेबांना हिब्रू येत असे. बायकांच्या बायबल वर्गात त्यांनी एकदा सांगितलं, की त्या भाषेतही राग नाकातच राहतो. 'अफ' हा एकच शब्द, त्याचा अर्थ नाकही आणि रागही. निर्गमाच्या ३४व्या अध्यायात देव मोशेसमोरून जातो आणि आपण कसे आहोत ते स्वतःच्या तोंडाने सांगतो. तिथं आपल्या बायबलात 'मंदक्रोध' असा भारदस्त शब्द आहे. मुळात मात्र शब्दाला शब्द लावला तर 'लांब नाकाचा' असं होतं. आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून हसलो. पाळकसाहेब म्हणाले, हसा, पण लक्षात ठेवा, ज्याचं नाक लांब त्याचा राग शेंड्यावर यायला वेळ लागतो.

पाळकसाहेबांनी हे असं जुळवून सांगितलं, भाषापंडित काय म्हणतात ते पंडितांना ठाऊक. पण मराठी माणसाला हा शब्द जितक्या चटकन उमजतो तितका इंग्रजी वाचणाऱ्याला उमजत नसणार, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता हे देवाने सांगितलं कधी, ते बघ. सगळं सुरळीत होतं तेव्हा नव्हे. डोंगराच्या पायथ्याशी लोकांनी सोन्याचं वासरू केलं होतं, मोशेने संतापून दगडी पाट्या फोडल्या होत्या, आणि नव्या पाट्या घडवून तो पुन्हा एकदा डोंगर चढला होता. म्हणजे फुटलेल्याचे तुकडे अजून खाली पडलेले असतानाच देवाने आपला स्वभाव सांगितला. दया, कृपा, मंदक्रोध, सत्य, क्षमा, सगळं सांगितलं. आणि त्याच दमात हेही सांगितलं, की दोषी माणसाला मी निर्दोष म्हणून सोडून देत नाही. आपल्या मंडळीतले अर्धे लोक पहिल्या वाक्याला थांबतात आणि अर्धे दुसऱ्यापासून सुरू करतात. दोघांचीही भक्ती मोठ्या आवाजात चालते.

ही दोन वाक्यं एका तोंडातून कशी निघतात, हे मला कुठल्या प्रवचनातून कळलं नाही. तुझ्या आजोबांकडून कळलं.

तू त्यांना पाहिलंस तेव्हा ते थकले होते. आमच्या लहानपणी त्यांचा राग असा, की उंबऱ्याबाहेर चपला वाजल्या तरी आम्ही पुस्तकं उघडायचो. मी दहा वर्षांची असेन. आईने चुलीमागे पत्र्याचा एक डबा ठेवला होता. दळण काढताना दर वेळी दोन मुठी बाजरी त्यात पडायची. ती देवाची. हंगामाच्या उपासनेला तो डबा चर्चमध्ये जायचा. वाण्याकडे तेव्हा धान्य घेऊन गोळ्या मिळत. मी फ्रॉकच्या ओच्यात बाजरी नेली आणि लिमलेटच्या गोळ्या आणल्या. एकदा नव्हे, बऱ्याचदा. एका दुपारी उंबऱ्यावर दाणे सांडले, आणि ते बाबांनी पाहिले.

ते काहीच बोलले नाहीत. एक दिवस गेला, दोन गेले. ताटात भाकरी वाढताना, कंदिलाची काच पुसताना, रात्रीच्या प्रार्थनेत, कुठंच अवाक्षर नाही. मार खाल्ला असता तर बरं, असं मला झालं. चौथ्या रात्री प्रार्थना झाल्यावर त्यांनी चिपटं माझ्या हातात दिलं. "किती नेलीस?" मी बोटांवर मोजून सांगितलं. "तेवढी भरायची. घरातली नाही."

घरातली नाही, मग कुठली? बाजरीची काढणी उरकली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरवा वेचायला गेले. रूथने वेचला तोच सरवा. रूथच्या पुस्तकात तो फार छान वाटतो. प्रत्यक्षात बाजरीचे सड घोट्यांना ओरबाडतात, आणि वाकून वाकून मूठभर कणसं मिळतात, ती चोळून फुंकर मारली की तळहातावर उरतात थोडे दाणे. थोड्या वेळाने मान वर केली तर पलीकडच्या तासात बाबा. कोटाची बटणं काढून, वाकून सरवा वेचत होते. बोलले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. सहा संध्याकाळी आम्ही दोघं वेचत होतो. चिपटी भरायची मात्र मीच, डब्यात ओतायचीही मीच.

पुढे खूप वर्षांनी मी विचारलं, ते चार दिवस गप्प का होता? म्हणाले, "लगेच बोललो असतो तर हात उचलला असता. आणि तू आपणहून येशील असं वाटत होतं." मी गेले नव्हते, बाळू. ते अजून लागतं.

तर देव रागावलाय का? रागावला असेल. कमी माल देऊन पुरे पैसे घेणं त्याला कधीच आवडलेलं नाही. खोट्या मापांवर आणि वजनांवर संदेष्टे किती तुटून पडलेत ते तुला माहीत आहे. पण तो राग अजून वाटेत आहे, आणि ती वाट त्याने तुझ्यासाठी लांब ठेवलीय. हे चार दिवस आहेत. त्यांना सूट समजू नकोस, आणि शिक्षा तर मुळीच समजू नकोस.

या लांब नाकाचा राग कोणाला आला असेल तर तो योनाला. आपण संडे स्कूलमध्ये मुलांना मासा शिकवतो आणि चौथा अध्याय सोडून देतो. निनवे शहराने पश्चात्ताप केला, देवाने शिक्षा आवरती घेतली, आणि योना देवाशीच भांडला, की तू असा मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मी पळालो होतो! निर्गमातले देवाच्या गौरवाचे शब्दच त्याने तक्रारीसाठी वापरले. पण त्याच निनवेवर नहूमाचंही पुस्तक आहे, आणि त्याच्या आरंभीही तोच शब्द येतो, मंदक्रोध. फक्त या वेळी तो सांगतो, की वेळ संपत आली. इ.स.पू. ६१२ मध्ये निनवे पडलं. ही दोन्ही पुस्तकं कधीतरी एका बैठकीत वाच. लहान आहेत, तास पुरतो.

आता प्रभुभोजनाचं. ताट सरकवणं यापुढे बंद. करिंथकरांच्या पत्रात पौल सांगतो, की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करावी आणि उपाशी बसावं, असं तो म्हणत नाही. आपल्याकडे हा उलटा अर्थ कधी रुजला कोण जाणे. कितीतरी चांगल्या बायका याच धाकाने वर्षानुवर्षं मागे बसलेल्या मी पाहिल्यात, आणि ज्यांनी खरोखर मागे बसावं ते पुढच्या बाकावर. जक्कयाचं आठव. जकात घेऊन गबर झालेला माणूस. प्रभू आधी त्याच्या घरी उतरला, आणि चौपट परत देतो असं जक्कय त्यानंतर उभा राहून म्हणाला. आधी चौपट दे, मग जेवायला येतो, अशी अट नव्हती.

पण चौपटीचं बोलणं झालं, हेही खरं. म्हणून आता सही.

आधी साहेबांशी एकट्याने बोल. चारचौघांत नको, आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. प्रभूने मत्तयात तीच पायरी सांगितलीय, आधी दोघांत. त्यांना सांग की पुढच्या चलनावर जेवढे नग येतील तेवढेच मी लिहीन, आणि मागच्या तीन कागदांचं खरं काय ते आठ दिवसांत वर कळवणार आहे. तुम्ही कळवलंत तर उत्तम. मग आठ दिवसांनी कळव. लेखी दे, तारीख घाल, एक प्रत स्वतःजवळ ठेव. आपली सही आपण केली असं स्पष्ट लिही. 'माझ्याकडून करवून घेतली' हे वाक्य दुसऱ्या परिच्छेदात येऊ दे, पहिल्यात नको.

नोकरी जाईल? जाऊ शकते. देव तुझ्या पाठीशी आहे म्हणून काही होणार नाही, असं मी लिहिणार नाही. ते मला ठाऊक नाही, आणि असं लिहिणारी माणसं मला आवडत नाहीत.

आणखी एक. पैसे घेतले नाहीत असं तू लिहिलंस, ते मी मानते. पण तिसऱ्या पानावर सहज लिहून गेलास, की दिवाळीला साहेबांनी मोबाइल दिला. स्टोअरमधल्या बाकी पोरांना काय दिलं, ते नाही लिहिलंस. मोबाइल परत कर.

तू विचारलंस, माझा विश्वासच कमी पडला का. बघ, मराठीत दोन माणसं आहेत. विश्वास ठेवतो तो एक, आणि ज्याच्यावर ठेवता येतो तो दुसरा, विश्वासू. पाळकसाहेब सांगत, हिब्रूत दोन्हीला मिळून एक शब्द पुरतो, एमुना. आणि तो शब्द निर्गमात पहिल्यांदा येतो तो हातांसाठी! रफीदीमला अमालेकांशी लढाई चाललीय, मोशेचे हात वर असले की आपली सरशी, खाली आले की त्यांची. म्हाताऱ्याचे हात भरून आले. मग अहरोन आणि हूर यांनी त्याला धोंड्यावर बसवलं, दोन्ही बाजूंनी हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले. ते स्थिर राहणं म्हणजे एमुना. मोशेला त्यासाठी फार काही वाटावं लागलं नाही. हात वर राहिले, एवढंच, आणि तेही दुसऱ्यांनी धरले म्हणून.

केडगावला शाळेच्या सहलीत गेला होतास, आठवतं? तिथंच पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला वाचून कळावं म्हणून. जवळजवळ अठरा वर्षं ते काम चाललं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि काम तरी थांबलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका त्यांनीच दुष्काळातून, घरच्या छळातून आणलेल्या. मुलगी गेली त्या वर्षी रमाबाईंना विश्वास किती 'वाटत' होता, हे कोणी मोजलेलं नाही. प्रुफं तपासणं मात्र थांबलं नव्हतं.

तुझे हात भरून आलेत, एवढंच झालंय. तेव्हा कोणालातरी धरू दे. तिकडच्या पाळकांना भेट. सगळं सांगायचं नसेल तर अर्धं सांग, पण भेट.

आणि ज्या दिवशी साहेबांशी बोलणार असशील, तो दिवस मला आदल्या रात्री कळव. मी सकाळच्या एसटीने चाकणला येते. आत यायची नाही, एक शब्द बोलायची नाही. तुमच्या गेटसमोर चहाची टपरी आहे म्हणालास ना, तिथं बसेन. सुटलास की ये.

तुझी,
आत्या

ता. क. मोबाइल देताना चार्जरही आठवणीने दे.