धातू, देह आणि नोंद

जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी शिलालेखात कांस्यकारांच्या, म्हणजे आजच्या शब्दांत कासारांच्या, श्रेणीकडे ठेवलेल्या दानाचा उल्लेख आहे. आपल्या परिसराचा धातूशी संबंध इतका जुना. भट्टीच्या धुराने त्या कारागिरांच्या देहाचे काय झाले, हे मात्र कोणी कोरून ठेवले नाही.

जड धातू कुजत नाहीत, जळून नाहीसेही होत नाहीत. पाणी उकळल्याने जंतू मरतात. आर्सेनिक तसेच राहते, किंबहुना पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. आर्सेनिक, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि निकेलची संयुगे ही मानवात कर्करोग घडवितात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे. मुलामा देण्याच्या कारखान्यातील क्रोमियमयुक्त वाफ फुप्फुसात जाते. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके साठून राहते. (स्फुरदयुक्त खतांतूनही ते अल्प प्रमाणात शेतात येते, हे आंबेगावच्या बागायतदारांनी ध्यानात घ्यावे.)

संसर्ग आणि रोग यांत वीस-तीस वर्षांचे अंतर पडू शकते. तोवर कारखाना बंद होतो, माणूस गाव बदलतो. मग अमुक रुग्णाचा कर्करोग अमुक सांडपाण्यामुळेच झाला, हे सिद्ध कसे करावे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात पालघर जिल्ह्यातील तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. हवा, पाणी, जमीन यांची मोजणी झाली. पण प्रदेशाची मोजणी म्हणजे एकेका माणसाचा पुरावा नव्हे. साधन नसले की घटना घडलीच नाही असे मानले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा अन्याय परिचित आहे, आणि आपल्या समाजाला तर अधिकच.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा आणि क्रोमचे व्रण शासनास कळविणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. परंतु डॉक्टरांना रुग्णाचे काम ठाऊक असेल तरच ते कळविणार.

आपले कित्येक माजी विद्यार्थी चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत राबत आहेत. त्यांनी कोणत्या वर्षी, कोणत्या खात्यात, कोणते रसायन हाताळले ते एका वहीत लिहावे. वेतनचिठ्ठ्या व तपासणीचे कागद जपावेत. कंत्राटी कामगाराच्या हाती पुष्कळदा तेही नसतात. त्याने वही तर ठेवावीच. आणि दवाखान्यात कोणी विचारले नाही, तरी आपण काय काम करतो ते आपणच प्रथम सांगावे.