कोर्ट उठेपर्यंत

धुऱ्याचा वाद. चिखली तालुक्यात तो कुणाच्या घरी नाही? आमच्याकडे तो भावाच्या उजव्या हातावर निभावला. कुऱ्हाडीचा तुंबा बसला, दोन्ही हाडं मोडली. सहा वर्षं तारखा केल्या आणि शिक्षा काय, तर कोर्ट उठेपर्यंत कैद आणि पाच हजार दंड!

साडेपाचला आरोपी टपरीवर आला. शेजारीच उभं राहून त्यानं चहा सांगितला आणि भावाला विचारलं, "काय दादा, हात कसाय आता?" भावानं ग्लास डाव्या हातात धरला होता. तो काही बोलला नाही. मी बोललो, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सरकारी वकील म्हणाले, "प्रस्ताव वर पाठवतो." शिक्षा कमी म्हणून अपील करायचं तर ते सरकारनंच करायचं, जुनं कलम 377, आता 418. मुदत सत्र न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 60. आमचे तीस दिवस त्या "वर"मध्येच गेले.

मग खासगी वकील केले. "शिक्षा वाढवा" असं अपील त्यांनी बुलडाण्याला सत्र न्यायालयात लावलं. पहिल्याच तारखेला साहेबांनी विचारलं, कोणत्या कलमाखाली? आमचे वकील फाइल चाळत राहिले. जखमी माणसाला अपिलाचा हक्क तीनच गोष्टींसाठी आहे: आरोपी सुटला, हलक्या कलमात दोषी धरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली (कलम 372, आता 413). शिक्षा कमी हे त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये दिल्लीच्या परविंदर कंसल प्रकरणात हे स्पष्टच सांगितलंय. फी मात्र आधीच घेतली होती.

खरा चटका त्या रात्री बसला. निकालाची नक्कल मी पहिल्यांदाच स्वतः वाचली. दोषारोप 326 चा होता. पंच फितूर झाले, कुऱ्हाड शाबीत झाली नाही, म्हणून कोर्टानं 325 धरलं. म्हणजे हलकं कलम! दार आमच्यासाठी उघडंच होतं आणि आमच्या अपिलात त्याचा एक शब्द नव्हता.

तेव्हा निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाका. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. कलम उतरवलंय का ते आधी बघा. उतरवलं असेल तर त्यावरच अपील करा, कारण पुनरीक्षणात सुटलेलं कलम परत लावून मिळत नाही. नुसती शिक्षाच कमी असेल तर पुनरीक्षण अर्ज करा, 90 दिवसांत. भरपाईचं लेखी मागा. त्यावर विचार केल्याचं कोर्टानं निकालात नोंदवायला हवं, हे 2013 च्या अंकुश गायकवाड निकालात आहे. एक्स-रे प्लेटा जपून ठेवा. वकिलाला पैसे देण्याआधी कलम विचारा, पावती घ्या. डोकं शांत ठेवा असंही म्हणतात. मला जमलं नाही.

आमचा पुनरीक्षण अर्ज उशीर माफीच्या विनंतीसह पडून आहे. आरोपीचा ट्रॅक्टर रोज त्याच धुऱ्यावरून जातो. आमच्या घरासमोर आला की हॉर्न वाजवतो.