भंगारातला स्पेक्ट्रम

प्रश्न : अकोल्याच्या भंगार बाजारात डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना संगणक मिळाला. अ‍ॅडॉप्टर नाही. घरी पिक्चर ट्यूबचा टीव्ही आहे. सुरू कसा करू? – एक वाचक, अकोट

उत्तर : घरातला राउटरचा अ‍ॅडॉप्टर मात्र त्यात खुपसू नका! पिन बसते, तिथेच घात होतो. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या या यंत्राला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण पिनच्या आत ऋण आणि बाहेर धन. बहुतेक अ‍ॅडॉप्टर नेमके याच्या उलट असतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडून मल्टिमीटरने खात्री करून घ्या. दोन अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पुरे.

डेसिबेल्स कंपनीने १९८६च्या सुमारास परवाना घेऊन हे मॉडेल भारतात आणलं. मेमरी ४८ किलोबाइट. चालू-बंदचं बटणच नाही, त्यामुळे मागच्या पट्टीला काहीही जोडायचं ते वीज काढूनच.

टीव्हीच्या अँटेनाच्या जागी वायर लावा आणि यूएचएफ ३६च्या आसपास शोधा. सिंक्लेअरची १९८२ची ओळ दिसली, की यंत्र जिवंत. पी दाबा, अख्खा ‘प्रिंट’ शब्द उमटेल. काही कळा मुक्या निघाल्या, तर आतली प्लास्टिकची पट्टी कडक होऊन तडकली असावी. ती नवी मिळते.

प्रोग्राम भरायला कॅसेट नसली तरी चालेल. मोबाइलमधला प्रोग्रामचा आवाज ‘इअर’ खाचेतून देता येतो, आवाज मोठा ठेवून.

आतला रेग्युलेटर ९चे ५ व्होल्ट करताना उरलेली वीज उष्णता म्हणून टाकतो. आपल्या मे महिन्यात दुपारी तासभरच चालवा, तेही पंख्याखाली.