तो हशा खरा असतो का?

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा तिने आम्हाला लंडनच्या नॅशनल थिएटरचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ दाखवलं. पण नाट्यगृहात नव्हे, तिच्या गावातल्या मल्टिप्लेक्समध्ये. पडद्यावर नाटक चालू, त्यातले प्रेक्षक हसतायत, नट थांबतायत आणि इकडे आम्हीही हसतोय, असा सगळा प्रकार. तो हशा खरा असतो की मागाहून भरलेला? नट थांबत होते ते कोणासाठी? आणि एवढे कॅमेरे लावायचेच, तर सरळ सिनेमा का काढत नाहीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हशा खरा असतो. पटत नसेल तर पुढच्या वेळी हशा ऐकू नका, नटाकडे बघा. मागाहून हशा भरता येतो, पण नटाचं थांबणं मागाहून भरता येत नाही. विनोदी वाक्य टाकून झाल्यावर तो बशी उचलतो, हातमोज्याचं बोट ओढतो, समोरच्याकडे नुसता बघत राहतो. हा वेळ त्याला प्रेक्षकांनी त्या क्षणी दिलेला असतो. हसायला कोणी नसेल आणि तरी तो तसा थांबला, तर वाक्य विसरला असंच वाटेल.

हे चित्रीकरण तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर, चालू प्रयोगातच होतं. कॅमेऱ्यांसाठी काही खुर्च्या सोडाव्या लागतात आणि आज चित्रीकरण आहे हे प्रेक्षकांनाही ठाऊक असतं. नटांच्या केसांत किंवा टोपाखाली बारीक माइक लपवलेले असतात. प्रेक्षागृहाचा आवाज टिपायला वेगळे. नंतर ध्वनिमिश्रणात हशा थोडा वर-खाली करतात, कारण तो वाक्यावर चढला तर पडद्यासमोरच्या माणसाला वाक्यच कळायचं नाही. इतपत लबाडी चालते.

‘नॅशनल थिएटर लाइव्ह’ या नावातल्या ‘लाइव्ह’ने मात्र फसू नका. नॅशनल थिएटरने २५ जून २००९ रोजी हेलन मिरन यांच्या ‘फेद्र’पासून हा उपक्रम सुरू केला, तेव्हा तो प्रयोग खरोखरच थेट चित्रपटगृहांत दिसला होता. ‘अर्नेस्ट’चं तसं नाही. मॅक्स वेब्स्टर दिग्दर्शित हे नाटक लिटल्टन नाट्यगृहात २० नोव्हेंबर २०२४ पासून २५ जानेवारी २०२५ पर्यंत चाललं आणि चित्रपटगृहांत आलं २० फेब्रुवारीला. म्हणजे तुम्ही हसत होतात तेव्हा प्रयोग संपून निदान तीन-साडेतीन आठवडे लोटले होते. नट थांबले ते लिटल्टनमधल्या नऊशेच्या आसपास माणसांसाठी. तुमचा हशा त्यांच्या हशावर नेमका बसला, ही नाटककार ऑस्कर वाइल्डच्या लेखणीची करामत.

विनोदी नाटकात हशा घेणं ही वेगळीच कारागिरी आहे. हशा उठतो, शिगेला पोचतो, ओसरू लागतो. तो ओसरत असतानाच पुढचं वाक्य सोडायचं. शिगेला असताना सोडलं तर वाक्य वाया, पुरता विझल्यावर सोडलं तर प्रयोग थंड. हे मराठी माणसाला शिकवायला नको. पुलंच्या ‘म्हैस’च्या ध्वनिफिती आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या. त्यातली वाक्यं जशी तोंडपाठ, तशी हशाची ठिकाणंही. प्रेक्षकांचा आवाज पुसून ‘म्हैस’ ऐकायची कल्पना करून बघा.

आता सिनेमाचं. सिनेमे निघालेत की! अँथनी अॅस्क्विथचा १९५२चा आजही बघण्यासारखा आहे. गंमत म्हणजे तो सुरू होतो नाट्यगृहात: बॉक्समध्ये माणसं येऊन बसतात आणि पडदा वर जातो. हे मुळात रंगमंचाचंच प्रकरण आहे, अशी कबुलीच म्हणा. त्यात नायिकेची आई लेडी ब्रॅकनेल झालेल्या इडिथ एव्हन्स यांनी ‘अ हँडबॅग?’ हा दोन शब्दांचा प्रश्न अशा काही सुरात उच्चारला, की पुढच्या प्रत्येक नटीपुढे पंचाईत उभी राहिली. तसा म्हणावा तर नक्कल, वेगळा म्हणावा तर लोक हिरमुसतात. २००२ साली ऑलिव्हर पार्करने कॉलिन फर्थ, रुपर्ट एव्हरेट, जुडी डेंच अशी तगडी मंडळी घेऊन पुन्हा सिनेमा काढला. नाटकाला मोकळी हवा मिळावी म्हणून तो दिवाणखान्याबाहेर पडला आणि माझ्या मते विनोद त्या हवेतच विरला. सिनेमाच्या दिग्दर्शकाची अडचणही खरी आहे. लोक किती वेळ हसतील याचा अंदाज त्याला संकलनाच्या टेबलावर बांधावा लागतो. जागा ठेवावी तर रिकाम्या खुर्च्यांपुढे ती खड्डा वाटते, न ठेवावी तर भरल्या गृहात पुढचं वाक्य बुडतं. एकामागून एक टोला देणाऱ्या वाइल्डच्या संवादांत ही चूक क्षणोक्षणी होऊ शकते.

पण चित्रित नाटकाच्या कॅमेऱ्यालाही जबाबदारी असते. दुसऱ्या अंकातला एकच प्रवेश घ्या. शहरात मौजमजा करता यावी म्हणून जॅकने अर्नेस्ट नावाचा एक उनाड धाकटा भाऊ कल्पनेतून उभा केला आहे. आता त्याचा कंटाळा आल्यामुळे तो पॅरिसमध्ये थंडी बाधून वारला, असं जाहीर करायचं त्याने ठरवलंय. इकडे मित्र अल्जर्नन तोच भाऊ असल्याची बतावणी करून जॅकच्या गावाकडच्या घरी आलाय आणि जॅक जिचा पालक आहे त्या सेसिलीबरोबर नुकताच आत गेलाय. अशा वेळी बागेच्या मागच्या बाजूने जॅक हळूहळू चालत येतो. अंगावर पूर्ण सुतकी काळा पोशाख, टोपीला काळी पट्टी, हातात काळे मोजे. तोंडून एक अक्षर नाही. हशा पोशाखाला नसतो. मेलेला भाऊ आत चहाफराळाला बसलाय, हे आपल्याला ठाऊक आणि त्याला नाही, याला असतो. तो जसजसा पुढे येतो तसतसा हशा चढत जातो, कारण मागच्या रांगांतल्या लोकांच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो.

आता कॅमेरा कुठे ठेवाल? जॅकच्या चेहऱ्यावर नेलात तर मोजे गेले, टोपीची पट्टी गेली, मुख्य म्हणजे ते अंतर गेलं. बागेत आधीच उभे असलेले पाद्रीबुवा आणि सेसिलीची शिक्षिका मिस प्रिझम यांच्या चेहऱ्यांवर नेलात तर येणाराच दिसत नाही. इथे कॅमेऱ्याने गुमान लांब उभं राहावं आणि पूर्ण रंगमंच दाखवावा. शहाणा दिग्दर्शक तेच करतो.

उलट त्याच अंकात जॅकची प्रेयसी ग्वेंडोलेन आणि सेसिली चहाला बसतात तेव्हा कॅमेऱ्याची चंगळ असते. दोघींचं बिनसलंय, पण नोकर समोर असल्याने भांडता येत नाही. ग्वेंडोलेन साखर नको म्हणते, सेसिली चिमट्याने चार खडे टाकते. तिने पाव-लोणी मागितलं तर ही केकचा भला मोठा तुकडा वाढते. तो चिमटा, तो कप, घोट घेतल्यावर कसंनुसं झालेलं तोंड. स्वस्तातल्या तिकिटाच्या प्रेक्षकाला जन्मात दिसलं नसतं ते मल्टिप्लेक्समध्ये दिसतं.

तोटाही सांगायला हवा. नट अभिनय करतो शेवटच्या रांगेसाठी आणि कॅमेरा तो टिपतो हातभर अंतरावरून. या प्रयोगात तर सुरुवातीलाच अल्जर्नन झालेला न्शुती गाटवा भडक गुलाबी झगा घालून पियानोवर बसतो. एकूण रागरंग डोळे मिचकावण्याचा. जवळून पाहताना मला तो जागोजागी जास्त वाटला. वाइल्डचा विनोद माणसं जितकी गंभीर तितका रंगतो. आपण विनोदी आहोत हे पात्रांना कळलं की तो पातळ होतो. शॅरन डी. क्लार्क यांची लेडी ब्रॅकनेल म्हणूनच उजवी. या बाई आवाजात कॅरिबियन ठसका घेऊन येतात आणि एकदाही प्रेक्षकांची मनधरणी करत नाहीत.

जाता जाता: ही भूमिका पुरुषांनी करायची आता टूमच निघालीय. ब्रायन बेडफर्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये केली, २०१५ मध्ये लंडनला डेव्हिड सुशे यांनी केली (दोन्ही चित्रित झाली आहेत), आणि हाच नॅशनलचा प्रयोग वेस्ट एंडला गेला तेव्हा स्टीफन फ्राय यांनी. ‘चार्लीज आन्ट’वरून अत्र्यांनी बेतलेल्या ‘मोरूच्या मावशी’त विजय चव्हाणांना पाहिलेल्यांना यात नवल नाही. फरक एवढाच, की मावशी हा पुरुषच आहे हे कथेतच आहे. लेडी ब्रॅकनेल बाईच आहे. पुरुष तिथे आला की पहिला हशा लुगड्याला जातो, वाक्याला नंतर.

बाकी या नाटकाने पहिल्या रात्रीपासून हसवलंय. १४ फेब्रुवारी १८९५, लंडनचं सेंट जेम्स थिएटर. अल्जर्नन केलेल्या अॅलन एन्सवर्थ यांनी पुढे सांगितलं, की आपल्या ५३ वर्षांच्या कारकिर्दीत एवढा मोठा विजय आठवत नाही. पण ५ एप्रिलला समलिंगी संबंधांच्या आरोपावरून वाइल्डला अटक झाली. जाहिरातींवरून त्याचं नाव काढलं गेलं, मे महिन्यात नाटक बंद पडलं आणि त्याच महिन्यात त्याला दोन वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली.

तुम्हाला असे आणखी प्रयोग पाहायचे असतील तर त्यासाठी इंग्लंड गाठायला नको. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये नॅशनल थिएटर लाइव्हचे प्रयोग दाखवतात, त्यांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा. डिसेंबर २०२० पासून ‘नॅशनल थिएटर अॅट होम’ ही वर्गणीची सेवाही आहे; तिथे विनोदी नाटक लावलंत तर कानात हेडफोन घालून एकटे बसू नका, घरातली चार माणसं गोळा करा.