जस्ताची पेनी सांभाळताना

अमेरिकेत राहून तू पेन्या जमवायला लागलास, छान केलंस. पण आपल्या घरची सवय तिथे चालवू नकोस. तांबं काळवंडलं की चिंच, लिंबू, नाहीतर पितांबरी, हे देवघरातल्या तांब्याभांड्यांसाठी. त्यांना घासून काही होत नाही, कारण ती आतूनबाहेरून तांब्याचीच असतात. पेनीचं तसं नाही. १९८२च्या मध्यापासून तिच्यात ९७.५ टक्के जस्त आहे आणि तांबं फक्त २.५ टक्के. तांब्याचा तो वरचा मुलामा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ असतो. एकदा घासलास की गेला, आणि आंबट रस जस्ताला सरळ खात सुटतो.

१९८२ सालच्या पेन्या मात्र दोन्ही जातींच्या सापडतात. सोनाराकडे असतो तसला बारीक काटा घे. ३.१ ग्रॅम भरली तर जुनी, ९५ टक्के तांब्याची, २.५ भरली तर जस्ताची. दोन्ही वेगळ्या ठेव.

जस्ताच्या पेनीवर ओरखडा दिसला की सावध हो. ओलावा तिथे शिरला की तांबं आणि जस्त यांच्यात बॅटरीसारखा खेळ सुरू होतो आणि झिजतं ते जस्तच. वर नुसता फोड दिसतो, पण आतून पेनी पोखरलेली असते. फोड फुटला की पांढरी भुकटी बाहेर येते. कधी कधी तर टाकसाळीतून येतानाच मुलाम्याखाली फोड असतात, म्हणून घेतानाच कड आणि दोन्ही बाजू भिंगातून बघ. खराब झालेली पेनी पुन्हा नीट होत नाही. तिच्यावर पैसे घालू नकोस.

नाणं कडेने धर, तळहातावर घेऊ नकोस. घामातलं मीठ वाईट. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या अजिबात नकोत, त्या हिरवट चिकट थर सोडतात. मायलरची पाकिटं घे. डबा तळघरात ठेवू नकोस, तिथे दमट असतं. खोलीतल्या कपाटात ठेव, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती वेळच्या वेळी बदल.

घरात कुत्रा आहे ना? पेन्या त्याच्या तोंडाला लागू देऊ नकोस. पोटातल्या आम्लात जस्त विरघळतं आणि त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. गिळली असं वाटलं तर लगेच डॉक्टर गाठ.

चलनासाठीची शेवटची पेनी फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत नोव्हेंबर २०२५मध्ये पडली. कोऱ्या, बिनडागी मिळतील त्या आत्ताच बाजूला काढून ठेव.